बर्बल कधी येतो, कधी येत नाही: ट्यून केलेल्या गाडीत कारण कसे शोधायचे

ट्यून केलेल्या (इंजिनाच्या संगणकातली, म्हणजे ईसीयूतली, सेटिंग बदललेल्या) टर्बो पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की एक्झॉस्टमधून फटफट, कडकड असा आवाज येतो, तो बर्बल. त्याबद्दलची तक्रार जवळजवळ नेहमी एकच असते: परवा छान येत होता, काल आलाच नाही, आज तिसऱ्या गिअरमध्ये आला आणि चौथ्यात गप्प. मग ट्यूनरला फोन जातो, ‘जरा फ्युएल वाढवून द्या’ अशी मागणी होते आणि तपासाची दिशा तिथेच चुकते. पेट्रोल कमी पडल्यामुळे बर्बल अनियमित झाला, असे क्वचित घडते. बहुतेक वेळा ईसीयूने त्या क्षणी बर्बल मागितलेलाच नसतो; नाहीतर मागितलेला असतो, पण सिलिंडरमध्ये नीट पेट घेण्याइतकी हवा नसते. आपल्या गाडीत यांपैकी काय होते आहे, हे आधी ठरवायचे. हात लावायचा तो नंतर.

आवाज होतो कसा

पाय उचलला की कंपनीच्या मूळ ट्यूनमध्ये थ्रॉटल जवळजवळ मिटतो आणि क्षणार्धात इंजेक्टर पूर्ण बंद होतात. याला फ्युएल कट म्हणतात. चाकेच इंजिनाला फिरवत राहतात, पेट्रोल जात नाही, त्यामुळे जळण्यासारखे काही उरत नाही. बर्बलसाठी ट्यूनर तीन गोष्टी बदलतो: फ्युएल कट लगेच न लावता पुढे ढकलतो, ठिणगी पिस्टन वरच्या टोकाला जाऊन परतायला लागल्यावर पाडतो आणि थ्रॉटल किंचित उघडा ठेवतो. ठिणगी उशिरा पडल्याने ज्वलनही उशिरा सुरू होते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा ते संपलेले नसते. तो दाब धक्क्याने पाइपात सुटतो. एखाद्या फेरीत मिश्रण सिलिंडरमध्ये पेटलेच नाही, तर ते तसेच एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये (जळका वायू गोळा करणाऱ्या पाइपात) जाते आणि शेजारच्या सिलिंडरच्या गरम वायूने तिथे पेटते. मधूनच येणारा मोठा बार तो हाच.

पाय उचललेला असताना इनटेक मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळीतला) दाब वातावरणाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शापर्यंत, म्हणजे २५ ते ३५ किलोपास्कलपर्यंत उतरतो. सिलिंडरमध्ये ताजी हवा थोडी आणि मागच्या फेरीचा जळका वायू भरपूर अशी अवस्था असते. या मिश्रणाला उशिरा ठिणगी दिली तर प्रत्येक फेरी पेटेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. त्यामुळे थोडा लहरीपणा बर्बलच्या स्वभावातच आहे. एकाच परिस्थितीत दहा वेळा पाय उचलल्यावर आठ-नऊ वेळा आवाज आला आणि तो साधारण सारखाच वेळ टिकला, तर गाडीत दोष नाही. प्रत्येक वेळी मोजून तेवढेच फटाके हवे असतील, तर ती अपेक्षा कमी करणे सर्वांत स्वस्त पडेल.

लॉग घ्या, कानावर विसंबू नका

बर्बल जेमतेम एक-दोन सेकंदांचा असतो. लॉगर सेकंदाला दोनच नोंदी घेत असेल, तर हाती काही लागत नाही. सेकंदाला किमान १० नोंदी हव्यात, २० मिळाल्या तर उत्तम. डायग्नोस्टिक पोर्टमधून लॉग घेताना चॅनेल वाढवले की प्रत्येक चॅनेलचा वेग घटतो, म्हणून एकाच वेळी सगळे टिकमार्क करू नका. दोन फेऱ्यांत घ्या.

पहिल्या फेरीत: आरपीएम, पेडलची टक्केवारी, थ्रॉटलचा कोन, गिअर, इनटेक मॅनिफोल्डचा दाब किंवा लोड (इंजिनावरचा भार), इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ), इंजेक्शनचा वेळ, लॅम्डा (हवा-पेट्रोल मिश्रणाचे माप; १ च्या वर पेट्रोल कमी, खाली जास्त), आणि ईसीयू दाखवत असेल तर फ्युएल कटचा फ्लॅग (कट लागला की नाही ते सांगणारी खूण). दुसऱ्या फेरीत आरपीएम, पेडल, टायमिंग आणि इंजेक्शनचा वेळ तसेच ठेवून कूलंट व ऑइलचे तापमान, एक्झॉस्ट किंवा कॅटचे (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे) तापमान, ब्रेक स्विच, क्लच स्विच, एक्झॉस्ट फ्लॅपची (मफलरमधल्या उघड-बंद होणाऱ्या झडपेची) स्थिती आणि मिसफायर काउंटर (न पेटलेल्या फेऱ्यांची मोजणी) घ्या. एक्झॉस्टचे तापमान बऱ्याच गाड्यांत सेन्सरने मोजलेले नसते, ईसीयूने गणिताने काढलेले असते. तरी ते लॉगमध्ये हवेच, कारण ईसीयू निर्णय त्याच आकड्यावर घेतो.

लॉगसोबत मागच्या बंपरजवळचा आवाजही रेकॉर्ड करा. सुरुवातीला तीनदा हॉर्न वाजवला की आवाज आणि लॉग यांची वेळ जुळवणे सोपे जाते.

ही चाचणी ट्रॅकवर किंवा डायनोवर (गाडी जागेवरच चालवता येणाऱ्या रोलरवर) करायची. वाहत्या रस्त्यावर नाही. एक नजर लॅपटॉपवर आणि एक नजर रस्त्यावर ठेवून काढलेला लॉग बहुधा निरुपयोगी असतो आणि धोका मात्र खराच असतो.

चाचणीची पद्धत अशी ठेवा. ऑइल ८५ ते ९५ अंश सेल्सिअसला येऊन दहा मिनिटे होऊ द्या. एसी बंद, क्रूझ कंट्रोल बंद, ड्राइव्ह मोड स्पोर्ट, ऑटोमॅटिक असेल तर गिअर मॅन्युअलवर. तिसऱ्या गिअरमध्ये २,५०० आरपीएमपासून निम्म्या पेडलने ४,००० पर्यंत जा आणि पाय एका झटक्यात पूर्ण उचला. ब्रेक नाही, क्लच नाही, आरपीएम १,८०० वर येईपर्यंत काहीच करायचे नाही. अर्धा मिनिट शांत चालवा आणि पुन्हा तेच. असे सहा वेळा. मग एका वेळी एकच गोष्ट बदला: पाय ३,००० वर उचला, दुसरा आणि चौथा गिअर घ्या, पेडल फक्त १५-२० टक्के दाबून उचला, एसी लावा, शेवटी दोन फेऱ्यांमधले अंतर पाच सेकंदांवर आणा. या शेवटच्या प्रकारात एक्झॉस्ट तापत जातो आणि तापमानामुळे येणारी बंधने उघडी पडतात.

लॉगमध्ये काय पाहायचे

आवाज आलेली एक फेरी आणि न आलेली एक फेरी शेजारी ठेवा. पेडल शून्य झाल्यावर इंजेक्शनचा वेळ शून्याच्या वर टिकला आहे आणि टायमिंग झपाट्याने मागे गेले आहे (उदाहरणार्थ टीडीसीच्या, म्हणजे पिस्टनच्या वरच्या टोकाच्या, आधी १५ अंशांवरून टीडीसीनंतर १० अंशांवर), तर ईसीयूने बर्बल मागितला. इंजेक्शनचा वेळ पाव-अर्ध्या सेकंदात शून्यावर गेला, तर मागितलाच नाही. न आलेल्या फेरीत यातले काय दिसते, त्यावर पुढची वाट ठरते. तिसरीही एक शक्यता आहे: इंजेक्शन बंद आहे आणि तरी आवाज येतो. ती यांत्रिक बिघाडाची खूण असते.

ईसीयूने मागितलाच नाही

अनियमित बर्बलच्या तक्रारींत हा गट सर्वांत मोठा आणि सर्वांत स्वस्तात सुटणारा आहे. बर्बल सुरू होण्याआधी अटींची एक रांग पार करावी लागते आणि रांगेतली एक अट चुकली तरी फ्युएल कट लागतो.

सुरुवात पेडलपासून करा. पाय उचललेला असताना लॉगमध्ये ०.० दिसायला हवे. जाड मॅट पेडलखाली सरकलेली असेल किंवा पेडल सेन्सरचे शून्य हललेले असेल, तर ०.४ किंवा ०.८ असा आकडा राहतो. ईसीयूच्या लेखी मग पाय अजून पेडलवरच आहे. मॅट काढून पुन्हा पाहा; तरीही आकडा शून्यावर येत नसेल तर स्कॅन टूलने पेडलचे ॲडॉप्टेशन करा, म्हणजे ईसीयूला शून्य स्थिती नव्याने शिकवा. इथे चालकाची सवयही तपासावी. पाय हळूहळू सोडणाऱ्याला बर्बल कमी मिळतो, कारण काही ट्यूनमध्ये पेडल किती वेगाने सुटले हीदेखील अट असते.

मग पाय उचलण्याआधीचा लोड. बऱ्याच ट्यूनमध्ये आधी ठरावीक लोड किंवा आरपीएम ओलांडल्याशिवाय बर्बल ‘सज्ज’ होतच नाही. निवांत चालवताना शांत आणि जोर दिल्यावरच आवाज, असे असेल तर ट्यून ठरल्याप्रमाणे काम करते आहे. बिघाड शोधत बसू नका. फार तर ट्यूनरला ती मर्यादा खाली आणायला सांगा.

गिअरचेही तसेच. बर्बलला आरपीएमची एक खिडकी असते, समजा २,००० ते ४,५००. दुसऱ्या गिअरमध्ये आरपीएम इतक्या वेगाने उतरते की खिडकी एका सेकंदात ओलांडली जाते. पाचव्यात तेच उतरणे चार-पाच सेकंद चालते आणि बर्बलचा ठरावीक कालावधी मोजणारा टायमर आधी संपतो. शिवाय ४,७०० वर पाय उचलला की खिडकीबाहेर असताना फ्युएल कट लागतो आणि एकदा लागलेला कट काही ईसीयू त्याच उतरणीत परत उठवत नाहीत. म्हणून ४,३०० वर आवाज आणि ४,७०० वर शांतता, हा अनुभव विचित्र वाटला तरी सरळ हिशेबाचा आहे.

क्लच आणि ब्रेकचे स्विच हे मात्र खरे लहरी गुन्हेगार. मॅन्युअल गाडीत क्लच दाबला की ईसीयू आयडल सांभाळायला लागतो आणि बर्बल तिथेच सोडतो. क्लच स्विचचे समायोजन बिघडले असेल किंवा त्याचा कनेक्टर सैल असेल, तर पाय क्लचवर नसतानाही फ्लॅग मधूनच ‘दाबला’ असे सांगतो. लॉगमध्ये हा फ्लॅग फडफडताना दिसला तर शोध संपला. स्विच सरळ बदला; त्याला साफ करून पुन्हा लावण्यात अर्थ नाही. ब्रेक स्विचची बाब तशीच, आणि बदलण्याची घाई तिथे जास्त, कारण त्यावर ब्रेक लाइटही अवलंबून असतात.

ऑटोमॅटिक आणि ड्युअल क्लच गाड्यांत आणखी एक गुंता असतो. गिअर बदलत असताना गिअरबॉक्स इंजिनाकडे स्वतःची टॉर्कची मागणी पाठवतो आणि त्या काळात तीच चालते. पाय उचलल्याबरोबर बॉक्सने खालचा गिअर घेतला तर बर्बल मधूनच तुटतो. मॅन्युअल मोडमध्ये प्रश्न नाहीसा होत असेल, तर इंजिनाच्या ट्यूनला हात लावू नका. गिअर वर टाकताना येणारा ‘फट्’ हा वेगळाच प्रकार आहे. तो गिअरबॉक्सने मागितलेल्या टॉर्क कपातीतून येतो आणि बर्बलच्या सेटिंगने बदलत नाही. इको किंवा कम्फर्ट मोडमध्ये पाय उचलताच क्लच सोडून गाडी मोकळी धावू देणाऱ्या गाड्या आहेत. तिथे इंजिन आयडलवर जाते, मग बर्बल कसला? आरपीएम एकदम ८००-९०० वर पडले तर हेच समजा आणि ते फीचर बंद करा.

तापमानाला दोन टोके आहेत. कूलंट गरम होईपर्यंत, बहुतेक ट्यूनमध्ये ६० ते ८० अंशांपर्यंत, बर्बल बंद ठेवलेला असतो. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिला मिनिटभर येणारा घोगरा, फुटका आवाज कॅट तापवण्यासाठी असतो. त्याचा इथे संबंध नाही. दुसरे टोक संरक्षणाचे. गणिताने काढलेले एक्झॉस्ट किंवा कॅटचे तापमान मर्यादेच्या वर गेले की ईसीयू बर्बल रोखतो. पहिले चार-पाच वेळा जोरात आणि मग मिनिटभर काहीच नाही, असे होत असेल तर हीच अट. तिला ट्यूनमधून काढायला सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांचे ऐकू नका.

पेट्रोल पार्टिक्युलेट फिल्टर असलेल्या गाड्यांत प्रश्न आणखी अवघड होतो. फिल्टरमधली काजळी जळायला प्राणवायू लागतो आणि तो मुख्यतः फ्युएल कटच्या वेळी मिळतो. बर्बलने फ्युएल कट खाल्ला की फिल्टर भरत जातो. ईसीयू काजळीचा हिशेब ठेवतो आणि योग्य वाटेल तेव्हा कट परत लादतो. म्हणजे काही दिवस बर्बल, काही दिवस नाही. त्यात काजळीने भरलेल्या फिल्टरमध्ये पेटते मिश्रण सोडले तर तो आतून वितळू शकतो. अशा गाडीत बर्बल अगदी सौम्य ठेवावा किंवा ठेवूच नये, हे स्पष्ट मत.

शेवटी दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी. ट्यूनमध्ये एकापेक्षा अधिक मॅप (सेटिंगचे संच) असतील तर चालू मॅप कोणता ते पाहा. बॅटरी काढल्यावर काही गाड्या पहिल्या मॅपवर परततात. आणि सर्व्हिसला ईसीयूचे सॉफ्टवेअर अपडेट झाले असेल, तर ट्यून पुसले गेले असणार. सॉफ्टवेअरचा क्रमांक आधीच्या लॉगशी ताडून पाहा.

मागितला, पण आवाज आला नाही

इथे पहिला संशय हवेवर. चांगल्या आणि वाईट फेरीतला मॅनिफोल्ड दाब एकाच आरपीएमला, समजा ३,००० वर, ताडून पाहा. चांगल्या फेरीत ३८ किलोपास्कल आणि वाईट फेरीत २९ असे काही दिसले, तर उत्तर समोर आहे: हवा कमी असलेल्या वेळी मिश्रण पेटले नाही किंवा अर्धवट पेटले. हवा कमी का झाली, ते आता शोधायचे. थ्रॉटल बॉडीत कार्बन साठला असेल तर तोच कोन कमी हवा सोडतो. क्लीनर थेट आत न फवारता कापडावर घ्या, झडप हाताने जबरदस्तीने न ढकलता कडा पुसा आणि नंतर थ्रॉटलचे ॲडॉप्टेशन करा. हे शेवटचे राहिले तर आयडलही बिघडते. घाटमाथ्यावर हवा विरळ असते, त्यामुळे समुद्रसपाटीला जुळवलेले ट्यून तिथे कमी बोलते; त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही.

हवा दोन्ही वेळा सारखीच असेल तर ठिणगीकडे या. ट्यून केलेल्या टर्बो इंजिनात प्लगची फट साधारण ०.५५ ते ०.६५ मिमी ठेवतात. झिजून ती ०.८ च्या पुढे गेली की बूस्टखाली (टर्बोच्या वाढीव दाबाखाली) ठिणगी विझू लागते. बर्बलमध्ये अडचण उलटी असते: दाब कमी असल्याने ठिणगी सहज पडते, पण विरळ आणि जळक्या वायूने भरलेल्या मिश्रणात ज्योत धरत नाही. काजळी बसलेल्या प्लगमध्ये तर ठिणगी फटीतून जाण्याऐवजी काजळीवरून निसटते. मूळपेक्षा दोन पायऱ्या थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) प्लग लावून गाडी गर्दीत हळू चालवली तर हे हमखास होते. बहुतेक रस्त्यावरच्या ट्यूनला एक पायरी थंड पुरते. सगळे प्लग काढून क्रमाने मांडा. एकच काळा किंवा ओला असेल तर त्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्याशी बदलून पाहा. दोष कॉइलसोबत सरकला तर कॉइल, नाही सरकला तर प्लग किंवा इंजेक्टर. प्लग परत बसवताना टॉर्क रेंच वापरा: १२ मिमी आट्याच्या प्लगला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर, नेमका आकडा इंजिनाच्या मॅन्युअलमधून.

व्ही आकाराच्या इंजिनात एकाच बाजूच्या पाइपातून आवाज येत असेल, तर ट्यूनला दोष देऊ नका. ट्यून दोन्ही बाजूंना सारखेच सांगते. कॉइल, इंजेक्टर, गळती किंवा फ्लॅप, यातलेच काहीतरी एका बाजूला बिघडलेले आहे.

फ्लॅप हा तर सर्वांत जास्त विसरला जाणारा भाग. मिश्रण पेटलेले असते, धक्काही बसलेला असतो, पण मफलरचा फ्लॅप बंद असल्याने बाहेर काही ऐकू येत नाही. काजळी आणि गंज यांमुळे त्याची दांडी अडकते, गरम झाल्यावर सुटते, थंड झाल्यावर परत अडकते. व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर हातपंपाने ६० किलोपास्कलचे शोषण द्या आणि मिनिटभर पाहा. सुई खाली आली तर डायफ्राम किंवा नळी फाटलेली आहे. विजेवर चालणारा असेल तर स्कॅन टूलने उघड-बंद करून प्रत्यक्ष दांडी फिरते का ते डोळ्यांनी बघा, कारण मोटर फिरते पण दांडी जागची हलत नाही, असेही होते. अडकलेली दांडी भेदक तेलाने मोकळी करून उच्च तापमानाला टिकणारे ग्राफाइटयुक्त वंगण लावा. साधे ग्रीस जळून आणखी घट्ट बसते.

आता लॅम्डाचा सापळा. बर्बलच्या वेळी वाइडबँड लॅम्डा सेन्सरवर १.१ किंवा १.२ दिसते, मालक म्हणतो मिश्रण लीन (पेट्रोल कमी) आहे, ट्यूनर पेट्रोल वाढवतो, आवाज मात्र आणखी बेभरवशाचा होतो. लॅम्डा सेन्सर पेट्रोल मोजत नाही. एक्झॉस्टमधल्या उरलेल्या प्राणवायूवरून अंदाज बांधतो. जी फेरी पेटलीच नाही, तिचा सगळा प्राणवायू सेन्सरपर्यंत पोचतो आणि तो ‘लीन’ असे सांगतो, मग मिश्रण कितीही रिच (पेट्रोल जास्त) असो. म्हणून बर्बलच्या काळातला लॅम्डा खरा मानून त्यावर फ्युएल ठरवू नका. त्याच कारणाने त्या काळात क्लोज्ड लूप दुरुस्ती (सेन्सरच्या आकड्यावरून पेट्रोल कमी-जास्त करणे) थांबलेली असायला हवी. नसेल, तर ईसीयू या खोट्या लीनवर शिकत जातो आणि ट्रिम (ईसीयू पेट्रोलमध्ये करत असलेली टक्केवारीची दुरुस्ती) बिघडतात. शॉर्ट आणि लाँग टर्म ट्रिमची बेरीज उणे-अधिक ५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, १० च्या बाहेर असेल तर बर्बल बाजूला ठेवून आधी तेच कारण शोधा.

न मागता येणारे बार

इंजेक्शन शून्य असताना फटफट येत असेल, तर कुठूनतरी पेट्रोल किंवा हवा आपल्या मर्जीने आत शिरते आहे.

सर्वांत आधी एक्झॉस्टची गळती. पाइपातला दाब सतत वर-खाली होतो आणि खालच्या क्षणी सैल सांध्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते. एरवी अपुरा पडलेला प्राणवायू मिळताच उरलेसुरले पेट्रोल पेटते. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बोचा सांधा, टर्बो आणि डाउनपाइपचा सांधा, लवचिक जोड, सेन्सरचे आटे, या ठिकाणी काळी रेष शोधा. इंजिन थंड असताना मागचा पाइप बंद करून स्मोक मशीनचा धूर सोडला की फट लगेच दिसते. गॅस्केट बदलताना पृष्ठभाग सपाट आहे का ते पट्टी ठेवून पाहा. वाकडा असेल तर नवे गॅस्केटही महिन्याभरात जाईल.

मग गळका इंजेक्टर. गरम इंजिन बंद करून वीस मिनिटांनी सुरू करताना जास्त वेळ क्रँक करावे लागणे, ऑइलला पेट्रोलचा वास, आयडलवर उणे ट्रिम आणि एक ओला प्लग, हे एकत्र दिसले तर शंका पक्की. याकडे दुर्लक्ष केले तर सिलिंडरची भिंत धुतली जाऊन रिंग झिजतात.

हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह एअर फ्लो सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत लावला असेल, तर सेन्सरने मोजलेली हवा इंजिनात पोचतच नाही. पेट्रोल मात्र त्या हिशेबाने पडते. पाय उचलताच क्षणभर मिश्रण फार रिच होते आणि एखादा बार उडतो. अशा बारांना बरेच जण ट्यूनचे कौशल्य समजतात! हवा परत इनटेककडे वळवणारा व्हॉल्व्ह लावा.

कॅनिस्टर पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) उघडा अडकला तर पेट्रोलची वाफ नको तेव्हा आत ओढली जाते. तो काढून वीज न देता फुंकर मारा. हवा जाता कामा नये.

ट्यूनमध्ये बदल करायचाच असेल तर

वरचे सगळे तपासून झाले आणि गाडी यांत्रिकदृष्ट्या नीट आहे, तरच इथे या. क्रम महत्त्वाचा: आधी हवा, मग टायमिंग, मग वेळ, पेट्रोल सर्वांत शेवटी.

बर्बलच्या वेळचा मॅनिफोल्ड दाब ३५ ते ४५ किलोपास्कलमध्ये बसेल इतपतच थ्रॉटल उघडा. यापेक्षा जास्त हवा दिली तर इंजिन ब्रेकिंग नाहीसे होते आणि पाय उचलूनही गाडी पुढे ओढत राहते. ब्रेकचा बूस्टर मॅनिफोल्डच्या शोषणावर चालत असेल आणि गाडीला वेगळा व्हॅक्यूम पंप नसेल, तर लागोपाठ दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर पेडल कडक होते. हा धोका ट्रॅकवर, वळणाच्या तोंडाशी पुढे येतो. बदलानंतर उभ्या गाडीत नव्हे, चालत्या गाडीत बूस्टरचे शोषण मोजा.

टायमिंग टीडीसीनंतर ५ अंशांपासून सुरू करा आणि एका वेळी ३ अंश मागे न्या. बहुतेक इंजिनांत १० ते १५ अंशांत आवाज स्थिर होतो. २५-३० पर्यंत गेले की आवाज मोठा होतो, पण न पेटणाऱ्या फेऱ्या वाढतात, म्हणजे ज्या अनियमिततेवर इलाज करायचा होता तीच परत येते. टेबलमध्ये शेजारच्या घरांतले आकडे एकदम बदलू नका. २,५०० ला उणे ५ आणि ३,००० ला उणे २० (उणे म्हणजे टीडीसीनंतर) असे ठेवले, तर आरपीएम उतरताना आवाजाची जातच बदलते आणि ऐकणाऱ्याला ते अडखळल्यासारखे वाटते.

कालावधी एक ते दीड सेकंद पुरे. खिडकी २,००० ते ४,५०० आरपीएम. फ्युएलचे लक्ष्य लॅम्डा ०.९ ते १.० च्या दरम्यान राहू द्या. ०.८ च्या खाली काजळी, धुराचा वास आणि ऑइलमध्ये उतरणारे पेट्रोल याखेरीज काही मिळत नाही. इथेनॉलचे प्रमाण बदलत राहणारे इंधन वापरत असाल आणि गाडीत इथेनॉल सेन्सर नसेल, तर हे आकडे टाकीगणिक सरकतील: शुद्ध पेट्रोलला एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, शुद्ध इथेनॉलला ९.

प्रत्येक बदलानंतर तीच सहा फेऱ्यांची चाचणी, तेच गिअर, तेच तापमान. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणत्या गोष्टीने फरक पडला ते कळत नाही आणि मग अंदाजांचा खेळ सुरू होतो.

उष्णतेचा हिशेब

टर्बोच्या तोंडाशी वायूचे तापमान सहन करण्याची मर्यादा बहुतेक पेट्रोल टर्बोंत ९५० ते १,०५० अंशांच्या आसपास असते. जोराच्या फेरीनंतर ती आधीच जवळ आलेली असते, त्यात बर्बल भर घालतो. कॅटमधला मौल्यवान धातूंचा थर सतत १,००० अंशांच्या घरात राहिला तर त्याचे कण एकमेकांना चिकटून पृष्ठभाग घटतो आणि तो निकामी होत जातो. न जळलेले पेट्रोल थेट कॅटमध्ये पोचून पेटले तर आतली जाळी फुटते किंवा वितळते. मूळ कॅट असलेल्या गाडीत जोरदार बर्बल ठेवायचा म्हणजे कॅटचे आयुष्य खर्च करायचे, हे धरूनच चला. कॅट काढून टाकणे रस्त्यावरच्या गाडीसाठी अनेक देशांत बेकायदा आहे आणि आवाजाची मर्यादाही वेगळी लागू असते.

बर्बल ठेवलेल्या गाडीत प्रत्येक ऑइल बदलाच्या वेळी तीन गोष्टी पाहा. गाडी थंड असताना कॅटवर रबरी हातोडीने हलकेच ठोका. आत खडखड झाली तर जाळी सुटलेली आहे. पुढच्या लॅम्डा सेन्सरच्या जागी गेज लावून एक्झॉस्टमध्ये अडून राहणारा दाब (बॅक प्रेशर) मोजा: आयडलवर साधारण ९ किलोपास्कलच्या आत आणि २,५०० आरपीएमला २० च्या आत हवा; त्यावर गेला तर कॅट तुंबला आहे. आणि डिपस्टिकवरच्या ऑइलला पेट्रोलचा वास येतो का, पातळी न भरता वाढली आहे का ते बघा. वाढली असेल तर ऑइल लगेच बदला आणि बर्बलचा कालावधी निम्म्यावर आणा.